चुलीला सवत आली

मित्रांनो, चूल म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे तीन दगड येत असतील, तर ते आधी बाजूला ठेवा. मी दूर उत्तरेकडच्या बर्फाळ डोंगरांतल्या नारीन गावातल्या उरुमकान आपांच्या घरची जुनी चूल आहे. माणसाच्या छातीइतकी उंच, विटांची, मातीने लिंपलेली आणि दर वर्षी बर्फ वितळला की चुन्याने पांढरी केलेली. मला दोन खोल्यांच्या मधल्या भिंतीतच बांधले आहे. इकडे माझ्या डोक्यावर कढई चढते आणि तिकडे माझी पाठ झोपायच्या खोलीला ऊब देते. निदान देत असे.

आमच्याकडे थोरल्या बाईला आपा म्हणतात. तर आपा नवी नवरी होऊन आल्या, त्या वर्षी त्यांच्या नवऱ्याने मला बांधले. विटा त्याने वाहिल्या, माती आपांनी तुडवली. आमच्याकडे गावात घरे किती, असे कोणी विचारत नाही. धूर किती, असे विचारतात. मुलगा वेगळा राहू लागला की त्याने आपला धूर काढला, असे म्हणतात. मी पेटले तेव्हा कुठे आपांचा संसार गावाने मानला. मग माझा तोरा का नसावा?

मी पुष्कळ केले. पाव भाजले, मांस शिजवले, कडाक्याच्या थंडीत जन्मलेली कोकरे माझ्या पायाशी सुकवली. आपांचा नवरा गेला, तेव्हा दुखवट्याला आलेल्या माणसांचा चहा माझ्यावरच उकळत होता. पुढे मुलगा तालंत कामासाठी रशियात गेला. घरात राहिल्या आपा, सून नुरझामाल आणि नात जिबेक. जिबेक शाळेतून आली की बूट भिरकावायची आणि पळत येऊन माझ्या पाठीला पाठ लावायची. त्या वेळी मला राणी झाल्यासारखे वाटे. ती हिवाळाभर खोकायची. पण गावातली सगळीच मुले खोकत, म्हणून कोणी फारसे मनावर घेत नसे.

माझ्यावर पहिला वार नुरझामालने केला. राख भरता भरता ती म्हणाली, "आपा, ही बया आपल्या तिघींपेक्षा जास्त खाते! कोळसा घाल घाल घालायचा, आणि सकाळी बादलीतल्या पाण्यावर बर्फ."

"चुलीला बया म्हणू नये गं," आपा म्हणाल्या.

मला राग आला. पण खरा राग यायचा होता तो पुढे, साग्यन उस्ता आले तेव्हा. गावातली जुनी घरे नीट करून देणारे हे कारागीर. त्यांनी काडी पेटवून खिडकीजवळ धरली, ज्योत आडवी झाली. दाराजवळ धरली, विझलीच. मग छताकडे बघून ते हसले. "आपा, तुम्ही घर कुठं तापवता? तुम्ही आभाळ तापवता!"

"मग काय करू? आभाळाला झाकण घालू?"

"झाकणच घालायचं. लोकरीचं."

लोकर! मित्रांनो, आमच्या मेंढ्यांची लोकर इतकी जाडीभरडी की तिला कोणी विचारत नसे. कातरून झाली की लोक ती ओढ्यात फेकून देत. आणि आता तीच धुतली, किडीचे औषध लावून वाळवली आणि पिंजून फुलवली. घर नीट करायला शेजारपाजारचे सगळे आले. आमच्याकडे अशा कामाला प्रत्येक घरातून एक माणूस येतो, मजुरी घेत नाही, पोटभर जेवून जातो. त्यांनी छतावर, भिंतींना लाकडी चौकटी ठोकून त्यांच्या आत, जमिनीखालीसुद्धा लोकर भरली. वरून फळ्या मारल्या. खिडक्यांना दुहेरी काचा बसवल्या. आणि त्या सगळ्यांचे जेवण कोणी शिजवले? मी. ही लोकर म्हणजे सवत माझी, आणि तिच्या लग्नाचा स्वयंपाकही माझ्याच डोक्यावर! मुद्दाम मांस खाली लागू द्यावे असे फार मनात होते, पण कढई आपांच्या हातात होती.

शिवाय भिंतीवर एक पांढरी पेटी आली. बाहेरच्या गार हवेतली ऊब ती आत ओढून घेते म्हणे, आणि तिला वीज लागते ती नदीच्या धरणाची. म्हणजे सवत एकटी आली नाही, पाठराखीण घेऊन आली.

जेवताना साग्यन उस्ता म्हणाले, "आपा, एक ध्यानात ठेवा. घर आता घट्ट बंद झालंय. चूल शक्यतो पेटवू नका. पेटवलीच तर खिडकी उघडी ठेवा, आणि निखारे पार विझल्याशिवाय धुराड्याची झडप बंद करू नका."

"मला चूल शिकवतोस का रे?" आपा म्हणाल्या. "चहा पी."

हिवाळा आला. बाहेर थुंकी गोठावी अशी थंडी, आणि आत जिबेक पातळ सदऱ्यात नाचत होती. पूर्वी ज्या भिंतीवर बर्फाची बुरशी चढायची, त्याच भिंतीला पाठ लावून ती आता चित्रे काढू लागली. खोकला गेला. एकदा ती आईला म्हणाली, "बाईंनी सांगितलं, आपल्या घरातून आता कर्बवायू कमी जातो. आपल्या डोंगरावरचा बर्फ वाचवतोय आपण!" नुरझामालने तिचा मुका घेतला. मी कोपऱ्यात गार उभी. मनात म्हटले, हो हो, वाचवा बर्फ, पण मला कोणी वाचवा. माझ्या अंगावर आता ओले मोजेसुद्धा कोणी वाळत घालत नव्हते. माझा नुसता जळफळाट होत होता.

माझ्यासारखाच आणखी एक जीव आतून खट्टू होता. उरुमकान आपा. शेजारच्या कालिपा आपा विहिरीवर भेटल्या आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या, "काय गं उरुमकान, धूर दिसत नाही तुझ्या घरातून! संसार आवरलास की काय?"

आपा घरी आल्या त्या ओठ घट्ट मिटून. नुरझामाल कामावर गेली होती. जिबेक जेवून गादीवर लवंडली होती. आपांनी माझे दार उघडले, काटक्या रचल्या, वर कोळसा ठेवला आणि काडी ओढली.

"बघ म्हणावं," त्या पुटपुटल्या, "बघ आता धूर!"

मित्रांनो, तो आनंद मी काय सांगू! माझ्या अंगातली वीट न् वीट शहारली. धुराड्यातून काळाभोर धूर सरळ वर गेला. सवतीला म्हटले, बघ बाई, घरची मालकीण कोण आहे ते.

मग कोळसा लाल झाला. आणि आपांनी जन्मभर केले तेच केले. माझ्या घशात लोखंडी झडप आहे. निखारे लाल झाले की ऊब वर पळून जाऊ नये म्हणून आमच्याकडच्या बायका ती ढकलून बंद करतात. पूर्वी निखाऱ्यांचा विषारी वायू घराच्या फटीफटीतून निघून जायचा. आता फटच नव्हती. आपा डोके धरून खाली बसल्या. जिबेकने झोपेतच एकदा कण्हल्यासारखे केले आणि मग ती हललीच नाही. मला तोंड नव्हते, हात नव्हते. मी फक्त तापत होते आणि तापत होते.

दार उघडले ते कालिपा आपांनी. धूर दिसला म्हणून त्या चेष्टा करायला आल्या होत्या. आत पाऊल टाकले, दोघींना तशा पाहिले आणि ओरडल्या, "अगं, विष भरलंय घरात!" त्या थकल्या बाईने जिबेकला काखेत मारले, आपांच्या दंडाला धरून ओढले आणि दोघींना अंगणातल्या बर्फात नेऊन टाकले. खिडक्या उघडल्या. परत बाहेर जाऊन मुलीचे गाल चोळू लागल्या. किती वेळ गेला, मला ठाऊक नाही. मग जिबेकला उलटी झाली आणि ती रडली. तिचे रडणे मला इतके गोड कधीच लागले नव्हते.

"माझ्या हातानं मारत होते मी तिला," आपा हुंदके देत म्हणाल्या.

"तुझ्या हातानं नाही, माझ्या जिभेनं," कालिपा आपा म्हणाल्या. "आग लागो माझ्या बोलण्याला. धूर काय करायचाय गं? पोर आहे ना!"

नुरझामाल धावत आली. तिने जिबेकला दवाखान्यात नेले आणि दुसऱ्या दिवशी हसत घरी आणले. मग ती सासूच्या शेजारी येऊन बसली. साग्यन उस्तांना बोलावणे आपांनीच धाडले.

"पाडून टाकतो," ते म्हणाले. "खोलीही मोठी होईल."

आपांनी माझ्या अंगावरून हात फिरवला. "पाडू नकोस. त्यांच्या हातची आहे. पण हिचं नरडं कायमचं बंद कर."

उस्ता छपरावर चढले आणि त्यांनी धुराड्यात लोकर ठासली. वरून माती लिंपली. मित्रांनो, माझी सवत आता माझ्या घशात बसली आहे.

तिचा मला अजूनही हेवा वाटतो, आणि वाटत राहील. तुम्ही घराच्या फटी बुजवा, जरूर बुजवा, ऊब आभाळाला वाटू नका. पण त्या बुजवल्यावर माझ्यासारखीवर दया करू नका. गाव हसले तरी आम्हांला पेटवू नका. पलीकडच्या खोलीत जिबेक आहे. तिच्यासाठी मी गार राहीन.