रेघेअलीकडची दहा पावलं

मी एक जुना फौजी बूट आहे, उजव्या पायाचा. मित्रांनो, तुम्हाला मित्रांनो म्हणतो ते केवळ असं आत्मवृत्त सांगताना तसं म्हणायची पद्धत आहे म्हणून. एरवी पायात रबरी चपला फटफटवत हिंडणाऱ्यांशी माझी मैत्री जमणं अवघडच. चपलेला नाही टाच, नाही नाडी, नाही कसली शिस्त. चिखलात रुतली की मालकाला सोडून तिथेच बसते, आणि तो बिचारा एका पायावर उड्या मारत तिला शोधतो. असल्या वस्तूला तुम्ही पादत्राण म्हणता, म्हणा बापडे.

माझा जन्म उत्तरेकडच्या एका मोठ्या कारखान्यात झाला. जाड चामडं, टाचेला लोखंडी नाल, तळव्याला खिळे. माझा डावा भाऊ आणि मी एकाच दोरीने बांधून पलटणीत आलो, आणि लान्सनायक पुंजाजीच्या पायात पडलो. पुंजाजी वऱ्हाडातल्या रिठद गावचा. त्याने पहिल्या दिवशी आम्हाला पाणी लावलं, पॉलिश लावलं, चिंधीने घासघासून आमच्यात स्वतःचं तोंड पाहिलं, आणि मग हसला. मला ते हसणं मुळीच आवडलं नाही. बुटाने गंभीर असावं आणि बुटाच्या मालकानेही.

पुढे बर्फातली ड्यूटी लागली. इथे एक गोष्ट सांगून टाकतो, कारण दुसरा कोणी सांगणार नाही. माझा एक टाका उसवला होता. अंगठ्याच्या जरा वर, दिसेल न दिसेल असा. तिथून बर्फाचं पाणी आत गेलं आणि पुंजाजीची दोन बोटं काळी पडली. इस्पितळात ती काढावी लागली. गावात लोक सांगतात, पाकिस्तानच्या गोळीने गेली. कसली गोळी? माझ्यामुळे गेली. आता माझ्या टोकाशी बोटांऐवजी चिंधीचा बोळा असतो. मी जगाला नावं ठेवतो तेव्हा हा बोळा मला गप्प बसवायला बघतो, पण मी काही गप्प बसत नाही.

बहात्तर साली पुंजाजी पेन्शनवर गावी आला. पहिला महिना त्याचं कोण कौतुक. शाळेत सत्कार, नारळ, शाल, चार भाषणं. भाषणं करणाऱ्यांपैकी एकाने तरी बर्फ पाहिला असेल तर शपथ. सत्काराच्या चहाला सगळ्यांना बशीसकट कप आले आणि पुंजाजीला कान तुटलेला वेगळा कप आला, तो कोनाड्यातून काढून धुतलेला. पलटणीत बारा गावची माणसं एकाच मगाने पाणी प्यायची. पुंजाजीने चहा पिऊन घेतला आणि कप जिथला तिथे ठेवला. महिना संपला, कौतुक संपलं. पुंजाजी दुसऱ्यांच्या वावरात मजुरीला जाऊ लागला, आणि त्याचं नाव पडलं लंगडा पुंजा. आम्हा भावांना खुंटीला टांगलं, कांद्याच्या माळेशेजारी. कांद्याच्या शेजाराबद्दल मी काही बोलत नाही.

तिथून आमची सुटका केली ती नायक भाऊसिंगने. हा मंगरूळपीरचा, पुंजाजीच्याच बराकीतला. एक दिवस एसटीने आला, दारातच उभा राहिला आणि म्हणाला, "पुंजा, किती दिवस बसून राह्यशील? दरसाली सव्वीस जानेवारीले दौड काढू. गाववाले बी धावतीन, आपून बी धावू."

"हसतीन लोक," पुंजाजी म्हणाला.

"हसू दे. त्याइले दुसरं येते काय?"

भाऊसिंगचं हे एक वाक्य मला पटलं. तिसरा गडी मिळाला रामकिसन. त्याचा रिसोडजवळ वांग्याचा मळा. फौजेत तो लंगरखान्यात होता आणि लंगरखान्यातलं निम्मं त्याच्या पोटातच राहिलं होतं. हे तिघं आणि गावातली वीस-पंचवीस माणसं, अशी त्र्याहत्तर साली पहिली दौड निघाली. रिठदच्या शाळेपासून रिसोडच्या रस्त्याने तीन मैलांवरच्या पुलापर्यंत आणि परत.

मित्रांनो, गाववाल्यांचं धावणं पाहिलंत तर तुम्हाला माझ्या स्वभावाचं नवल वाटणार नाही. निघताना गाय सुटल्यासारखे सुटतात आणि अर्ध्या मैलावर कमरेवर हात ठेवून उभे. कोणी धोतर सावरतो, कोणी मध्येच मेहुण्याच्या घरी पाणी प्यायला वळतो. आमचे तिघं तसे धावत नसत. ते फौजेतल्यासारखे धावत, एका रांगेत, पायाला पाय मिळवून, आणि जो सगळ्यात हळू त्याच्या चालीने. पलटणीत तुकडीची वेळ शेवटच्या माणसाची धरतात. त्यामुळे कोणी एकटा पुढे पळत नाही. सगळ्यात हळू अर्थातच रामकिसन. म्हणजे दोन चांगले सैनिक एका वांगेवाल्याच्या पोटाच्या चालीने धावत. मला लाज वाटायची.

चौऱ्याहत्तरच्या दिवाळीनंतर गावच्या शाळेत कवायतीच्या मास्तरची जागा निघाली. पुंजाजीला ती हवी होती. इतकी हवी होती की तो रात्री जेवताना घास हातात धरून बसायचा. पोरांना रांगेत उभं करायचं, त्यांनी 'सर' म्हणायचं, लंगडा म्हणायचं नाही. त्याला एवढंच पाहिजे होतं. त्याची बायको विमलबाई एरवी फार बोलणारी नव्हती, पण तीच म्हणाली, "जा अन् मांगा. तुमच्याइतकी कवायत कोनाले येते गावात?"

शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष दौलतराव. पांढरे कपडे, मनगटावर घड्याळ, आणि ते घड्याळ दिसावं म्हणून बाही नेहमी वर. ही जागा त्यांनी आपल्या भाच्यासाठी मनात राखली होती. भाचा बारा वेळा आळस देऊन उठणारा माणूस. दौलतराव चहाच्या टपरीवर, चार माणसांत म्हणाले, "पुंजाजी, तुयी सेवा मोठी आहे, मी नाई म्हनत नाई. पर पाय असा. पोरांले धावणं कसं शिकोशीन?"

"दौडीत पाहून घ्या," पुंजाजी म्हणाला.

"बरं. सव्वीस जानेवारीले सहा मैल तासाच्या आत येऊन दाखव. आला तं जागा तुयी." आणि त्यांनी घड्याळावर बोट आपटलं. भाच्याला मात्र काही अट नव्हती.

पुंजाजीला एकट्याला तासाच्या आत येणं जमणारं होतं. तिघांना मिळून कठीण. दौडीच्या आदल्या दिवशी पुंजाजीच्या घरी भाऊसिंगने ते बोलून दाखवलं. "उद्या तू सुटा धाव. मी रामकिसनले घेऊन येतो मांगून."

रामकिसनही म्हणाला, "हो ना गड्या. मी काय, वांग्याचं पोतं. माह्यासाठी काहून थांबतं?"

"तुकडी म्हंजे तुकडी," पुंजाजी म्हणाला आणि विषय संपवला.

विमलबाई चुलीपुढून म्हणाली, "अवो, नोकरी तुमाले लागन का तुकडीले?" पुंजाजीने आमच्यावर पॉलिशचा आणखी एक हात फिरवला. मित्रांनो, माझ्या मालकाच्या अकलेबद्दल मला आधीपासून शंका होती, त्या संध्याकाळी खात्री पटली.

पंच्याहत्तरची सव्वीस जानेवारी उजाडली. झेंडावंदन साडेसातला होतं. मग दौड. पण प्रमुख पाहुण्यांची जीपगाडी आली नव्हती. पाहुणे वेळेवर आले तर त्यांना पाहुणे कोण म्हणेल? आठ वाजले, पोरं थंडीने कुडकुडू लागली, तेव्हा दौलतराव म्हणाले, "दौड सोडून देऊ. पाहुने आले का झेंडा लावू."

भाऊसिंग पुढे झाला. "साहेब, झेंडा आंधी असते."

"इथं तुमची पलटन नाई," दौलतराव म्हणाले आणि शिट्टी वाजवली.

आम्ही निघालो. गाववाले सुटतात तसेच सुटले, त्यात नवेकोरे कॅनव्हासचे बूट घातलेला भाचाही. पहिल्या मैलातच त्यातले निम्मे आमच्या मागे पडले. पुलापाशी पोचलो तेव्हा भाऊसिंगने आपलं घड्याळ पाहिलं. एकतीस मिनिटं झाली होती. रामकिसनचा श्वास भात्यासारखा चालला होता.

"तुमी व्हा पुढं," तो म्हणाला.

"बोलू नको. पाय मोज," पुंजाजी म्हणाला.

मग पुंजाजीने त्याचा एक दंड धरला, भाऊसिंगने दुसरा, आणि तिघांची चाल एकदम वाढली. बायें, दायें, बायें. रस्त्याची खडी माझ्या खिळ्यांखाली फुटत होती. माझ्या टोकातला बोळा ओला होत चालला आणि ते पाणी नव्हतं. रामकिसन रडत होता की घामाने निथळत होता, मला सांगता येणार नाही, पण त्याचा पाय काही चुकला नाही. लंगरखान्यातल्या माणसाकडून मला इतकी अपेक्षा नव्हती.

शाळेचं मैदान दिसलं. टोकाला चुन्याची पांढरी रेघ, रेघेपलीकडे दौलतराव, आणि त्यांच्या मागे झेंड्याचा खांब, त्याच्यापाशी एकदाचे आलेले पाहुणे. भाचा आमच्या मागे शंभर पावलांवर होता. भाऊसिंग म्हणाला, "चाळीस सेकंद हायेत, पुंजा. झालं काम."

मैदानात शिरलो. वीस पावलं राहिली. पंधरा. तेवढ्यात पाहुण्यांनी दोरी ओढली, झेंडा उलगडला, आणि पोरांनी राष्ट्रगीत सुरू केलं.

मित्रांनो, रेघ दहा पावलांवर होती. मी हवेत उचललेला होतो. पुंजाजीने मला पुढे टाकलं नाही. त्याने मला डाव्या भावाच्या शेजारी खाडकन आपटलं, आणि तिघंही सावधानमध्ये उभे राहिले. हुकूम कोणी दिला नाही. रामकिसन डोलत होता, पण उभा होता.

पोरं राष्ट्रगीत ओढून ओढून म्हणत होती. शाळेतली पोरं नेहमीच ओढतात. मधल्या ओळीला भाचा धापा टाकत आमच्या बाजूने आला, तिघांकडे बावळटासारखं पाहिलं आणि रेघ ओलांडून गेला. दोघातिघांनी टाळ्याही वाजवल्या, राष्ट्रगीतात. दौलतराव ताठ उभे होते, माझा त्यांच्यावर तो आरोप नाही. फक्त त्यांचा एक हात छातीशी होता आणि नजर त्या हातावरच्या घड्याळात.

राष्ट्रगीत संपलं. तिघं पायाला पाय मिळवून निघाले आणि रेघेपलीकडे जाऊन थांबले.

"तास होऊन गेला, पुंजाजी," दौलतराव म्हणाले. "थोडक्यात हुकलं."

भाऊसिंग त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला. "राष्ट्रगीत चालू होतं, साहेब. तुमी बी उभेच होते."

"मी कुठं नाई म्हनतो? पर घड्याळ तर थांबलं नाई ना."

मैदानात दोनशे माणसं होती. सगळ्यांनी पाहिलं होतं. मास्तर लोकांनी खाली पाहिलं, पाहुण्यांनी हार काढून ठेवला, आणि चहाची किटली फिरू लागली. माझ्या तोंडी थुंकी असती तर मी त्या दिवशी काय केलं असतं ते तुम्हाला सांगायला नको. पुंजाजी एवढंच म्हणाला, "टाइम झाला म्हंजे झाला."

घरी विमलबाईने आम्हाला त्याच्या पायातून ओढून काढलं. बोळा बाहेर काढून पाहिला आणि पाण्यात टाकला. पाणी लाल झालं. मग ती म्हणाली, "दहा पावलं होती म्हन्तात. जाता नाई आलं?"

"पाय उचललाच नाई," पुंजाजी म्हणाला.

हे खोटं होतं. पाय उचललेला होता, आणि हे त्याच्याशिवाय फक्त मला ठाऊक आहे. उचललेला पाय पुढे टाकायला काही लागत नाही, तो आपोआप पडतो. मागे आणायलाच जोर लागतो. मी आयुष्यभर सगळ्यांना नावं ठेवली, चपलांना, गाववाल्यांना, रामकिसनच्या पोटाला, खुद्द पुंजाजीला. त्या संध्याकाळपासून पुंजाजीला नावं ठेवायची मी बंद केली. बाकीच्यांची चालू आहेत.

जागा भाच्याला मिळाली. तो पोरांना सावधान म्हणतो आणि स्वतः खिशात हात घालून उभा असतो. विमलबाई दोन महिने नवऱ्याशी कामापुरतं बोलली. पुंजाजी पुन्हा मजुरीला जाऊ लागला. आम्ही पुन्हा खुंटीला.

पुढच्या वर्षी दौडीच्या आदल्या दिवशी विमलबाईनेच आम्हाला खाली काढलं. जवसाचं तेल घेऊन बसली, माझी प्रत्येक शिवण बोटाने चोळली. भाऊसिंग आणि रामकिसन ओट्यावर बसून तिच्या हातची भाकर खात होते. ती त्यांच्याकडे न बघता म्हणाली, "भाऊ, औंदा त्याइले सांगा, राष्ट्रगीत आंधी म्हनून घ्या."

भाऊसिंगने सांगितलं. दौलतरावांनी हसत हसत ऐकलं, आता त्यांचं काय जात होतं? राष्ट्रगीत साडेसातला झालं, झेंडा लागला, पाहुणे जिलबी खाऊन निघून गेले, आणि त्यांच्या मागोमाग दौलतराव. मग दौड सुटली. पुंजाजी, भाऊसिंग आणि रामकिसन पायाला पाय मिळवून आले. भाऊसिंगने रेघेवर घड्याळ पाहिलं. तासाला चांगली दोन मिनिटं बाकी होती. मैदानात एक कुत्रं होतं आणि खुर्च्या उचलणारा शाळेचा शिपाई.

मित्रांनो, आता जुन्या वस्तू जपा असं सांगून मी आटोपतं घ्यावं अशी तुमची अपेक्षा असेल. बुटाला तेल दिलं नाही तर चामडं तडकतं, ते तुमचं तुम्हाला दिसेलच. मला सांगायचंय ते माणसांबद्दल. ज्याला तुम्ही धावायला लावाल, तो येईपर्यंत रेघेपाशी उभे राहा.