कण्हेरीचं पाणी

आधीच सांगून टाकतो, मला भीती वाटते. काचेला कसली आलीय भीती, असं तुम्ही म्हणाल. पडून फुटायची, एवढीच ना? ती तर जन्मापासूनची आहे, तिची सवय झाली. मी सांगणार आहे ती भीती वेगळी. ती मला गेल्या वर्षी बारावीच्या प्रॅक्टिकलच्या दिवशी बसली आणि अजून गेलेली नाही.

मी पोटोमीटर. झाड किती पाणी पितं ते मोजणारं काचेचं उपकरण. माझी एक नळी आडवी असते, आतून अगदी बारीक, वर रेघा मारलेल्या. तिच्या एका टोकाला रुंद तोंड आहे. त्यात रबरी बूच बसवायचं आणि बुचातून हिरवी फांदी आत सोडायची. दुसरं टोक रंगीत पाण्यात बुडवायचं. मग नळीत हवेचा एक बुडबुडा घ्यायचा आणि बघत बसायचं. पानांतून वाफ होऊन पाणी उडून जातं, फांदी नवं पाणी ओढते, आणि बुडबुडा एकेक रेघ ओलांडत फांदीकडे सरकतो. पुस्तकात याला बाष्पोच्छ्वास म्हणतात.

माझा जन्म अंबाल्याचा. आगीच्या झोतावर एका कारागिराने मला वाकवलं. तिथून खोक्यात भुसा घालून मी इस्लामपूरच्या एका कॉलेजात आलो आणि दहा-अकरा वर्षं राहिलो. ते दिवस सुखाचे. खिडकीबाहेर ऊस, नळाला पाणी, मुलं जास्वंदीची नाहीतर मेंदीची फांदी घेऊन यायची. पुढे तिथं नवी उपकरणं आली आणि आम्हा जुन्यांना जत तालुक्यातल्या एका शाळेला देऊन टाकलं.

न्यायला आले आकाराम मामा. ते त्या शाळेतले प्रयोगशाळेचे शिपाई. पोरं त्यांना मामा म्हणायची, म्हणून मीही म्हणतो. त्यांनी मला खोक्यात घातलंच नाही. डोक्याचा पटका सोडला, त्यात मला गुंडाळलं आणि एसटीत चार तास मांडीवर घेऊन बसले. शेजारच्या माणसाने विचारलं, "काय हाय वं त्यात?" मामा म्हणाले, "लय नाजूक जीव हाय. धक्का देऊ नगा."

मला कुणी जीव म्हटलं ते तेव्हा पहिल्यांदा.

त्या शाळेत पाणी दिवसाआड यायचं. तरी मामा मला धुताना हात आखडता घेत नसत. धुता धुता बोलत राहायचे. बायकोच्या, बनुबाईंच्या गुडघ्याबद्दल, बोअरबद्दल, "आता दीड वरीस ऱ्हायलं रिटायर व्हायला" असं. उत्तराची त्यांची अपेक्षा नसे. मीही ऐकत असे आणि वाटे, एवढं पुरे आहे.

जीवशास्त्र शिकवायला राजेश्वरी मॅडम होत्या. वय सव्वीस-सत्तावीस, राहायला सांगलीत विश्रामबागला. पहाटेची एसटी धरून यायच्या. नोकरी दर वर्षी नव्याने मिळणारी, त्यामुळे काही चुकेल की काय, ही धास्ती त्यांच्या चेहऱ्यावर कायम. पण शिकवायच्या मन लावून.

प्रॅक्टिकलच्या आदल्या दिवशी दुपारी त्या फांद्यांच्या शोधात निघाल्या. फेब्रुवारी संपत आलेला, शाळेच्या आवारात सगळं वाळलेलं. हिरवी होती ती फक्त कुंपणाची कण्हेर. तिला कुणी पाणी घालत नाही, शेळी तोंड लावत नाही, म्हणूनच ती टिकलेली. मॅडमनी बादलीतल्या पाण्यात बुडवूनच देठ कापले, कारण देठात हवा शिरली की प्रयोग फसतो. कापल्या जागी पांढरा चीक आला. आता त्या रात्रभर पाण्यात ठेवायच्या होत्या. बीकर कमी पडत होते. मामा ऑफिसात बैठक क्रमांक चिकटवत होते. मॅडमनी इकडेतिकडे पाहिलं. खिडकीत एक स्टीलचा तांब्या होता. त्यांनी तो भरला आणि फांद्या त्यात उभ्या केल्या.

तो मामांचा प्यायच्या पाण्याचा तांब्या होता.

सकाळी धांदल उडाली. बाहेरून परीक्षक आले. मॅडमनी तांब्यातल्या फांद्या काढल्या, एक माझ्या बुचात बसवली, कडेला व्हॅसलीन लावलं, तांब्या टेबलाच्या कडेला सरकवला. पाणी टाकून द्यायला त्या वळणार, तोच परीक्षकांनी हाक मारली. त्या गेल्या. पाणी तिथंच राहिलं. मी सांगतो, ते पाणी इतकं नितळ दिसत होतं, की त्यात काही असेल असं कुणालाच वाटलं नसतं.

माझ्यासमोर मंगल नावाची मुलगी बसली होती. तिच्या घरी मेंढरं. वडील वर्षातले सहा महिने कळप घेऊन खाली कृष्णाकाठाला असतात. ती घड्याळ आणि माझा बुडबुडा, दोन्हीकडे आळीपाळीने बघत होती.

मामा आत आले. त्यांनी सकाळपासून वीस बाकं उचलली होती. घामाने सदरा पाठीला चिकटलेला. त्यांना तांब्या दिसला.

मला कळलं. त्याच पाण्यातली फांदी माझ्या तोंडात होती, तोच चीक माझ्याही पाण्यात उतरत होता. मी ओरडलो असतो. बुडबुडा उलटा फिरवला असता, नळी तडकवली असती, काहीही केलं असतं. पण काच काय करणार? मामांनी तांब्या उचलला, ओठांना न लावता वरून धार धरली आणि निम्म्याहून जास्त पाणी घटाघटा पिऊन टाकलं.

"कडू लागतंय गं," ते मंगलला हळूच म्हणाले. "टाकीत काय पडलं का काय?"

मंगलने मान वर केली. मामा तांब्या तिथंच ठेवून बाहेर निघाले होते. तिने त्यात डोकावलं; तळाशी एक लांब, टोकदार पान चिकटलेलं होतं. ती ते पान ओळखत होती. दोन वर्षांपूर्वी कुणीतरी छाटलेली कण्हेर वाटेवर टाकली होती आणि ती खाऊन तिच्या घरची तीन कोकरं संध्याकाळच्या आत गेली होती.

परीक्षेत बोलायचं नसतं. ती पेन घट्ट धरून बसली. मी तिच्या नखांचा रंग उडालेला पाहिला. बुडबुडा एक रेघ पुढे गेला. मग ती उभीच राहिली.

"मॅडम, मामा कन्हेरीचं पाणी प्याले."

मॅडम परीक्षकांजवळ होत्या. त्यांचा चेहरा पांढरा पडला. परीक्षक वळून बघायला लागले. आणि मॅडम म्हणाल्या, "मंगल, खाली बस. रीडिंग घे आधी."

त्यांना दोष देऊ नका. भीतीने माणसाची जीभ आपोआप वळते. पण त्या वाक्यानंतर माझा बुडबुडा आणखी दोन रेघा सरकला, आणि त्या दोन रेघा मी जन्मात विसरणार नाही. बाहेर नळाजवळ ओकारीचा आवाज आला. पुन्हा आला. मॅडम धावल्या.

दारातून मला अर्धंच दिसत होतं. मामा भिंतीला टेकून बसलेले.

"पित्त झालंय, मॅडम. लिंबू पानी घेतो. तुमी आत जावा, पेपर चालू हाय."

"मामा, हात द्या इकडे."

त्या मनगट धरून घड्याळाकडे बघत राहिल्या. ओठ हलत होते. "बेचाळीस," त्या पुटपुटल्या. "मामा, बेचाळीसच आहेत ठोके."

प्राचार्य आले. त्यांनी मॅडमना बाजूला, नेमकं माझ्याच खिडकीखाली घेतलं. "परीक्षा होऊ द्या. काहीतरी बाहेरचं खाल्लंय म्हणून सांगू. उगाच विषाचं नाव काढू नका, शाळेचं काय होईल? तुमचं काय होईल?"

मला वाटलं, झालं, संपलं.

"सर, डॉक्टरांना नाव कळलं नाही तर ते पित्ताचंच औषध देतील," त्या म्हणाल्या. "ते पाणी मी ठेवलं होतं. मी सांगणार."

परीक्षकांनी आपली गाडी दिली. मॅडम आत आल्या, तो तांब्या पानासकट उचलला, वर ओढणी बांधली. जाताना मंगलच्या खांद्यावर हात ठेवला. गाडीत मामा म्हणत होते, "समदं पिवळं दिसाया लागलंय वं."

सांगलीचा मोठा दवाखाना तिथून दोन तासांवर.

परीक्षा पुढे चालली. मंगल लिहीत होती, रडत होती, पुसत होती. प्रयोग संपला, सगळे गेले, पण माझ्या तोंडातली फांदी काढायला कुणाला सुचलं नाही. ती पीतच राहिली. दुपारचा वारा सुटला तशी जोरात पिऊ लागली. एवढी वर्षं मी फांदीचं पिणं कौतुकाने मोजलं होतं. त्या दिवशी प्रत्येक रेघेला वाटायचं, एवढंच विष मामांच्या अंगात पुढे सरकलं असेल. कुठे पोचलं असेल?

पाचच्या सुमाराला मंगल प्रयोगशाळेत परत आली. घरी गेलीच नव्हती ती. बनुबाईंनाही तिने शाळेत आणून बसवलं होतं. दारासमोरच्या ऑफिसातला फोन वाजला. दोघी उठल्या, पण घ्यायला पुढे कुणी होईना. शेवटी मंगलने घेतला.

"व्हय... व्हय मॅडम..." मग बराच वेळ नुसती ऐकत राहिली. फोन ठेवून म्हणाली, "मामी, जिवंत हायती. पर ठोके मधीच थांबत्यात. डॉक्टर म्हनत्यात, दोन दिवस काय सांगता येत न्हाई. कन्हेर म्हनून आधीच कळलं ते बरं झालं म्हनत्यात."

बनुबाई खालीच बसल्या. "मंगे," त्या म्हणाल्या, "तू बोललीस म्हनून गं."

मंगलने आत येऊन माझ्याकडे पाहिलं, फांदी ओढून काढली आणि कुंपणापलीकडे भिरकावली. मग तिने मला पाच पाण्यांनी धुतलं आणि स्वतःचे हात त्याहून जास्त वेळा.

मामा वाचले. तिसऱ्या दिवशी ठोके जागेवर आले, पंधरा दिवसांनी ते शाळेत आले. खूप वाळले होते. कपाट उघडून मला हातात घेतलं, नेहमीसारखे बोलायला लागले, पण नळाखाली धरलं तेव्हा पाणी अंगावर उडालं आणि ते दचकले. स्वतःच्या घरचा तांब्यासुद्धा ते आता वास घेऊन तोंडाला लावतात, असं त्यांनीच मला सांगितलं.

पुढे चौकशी आली. मामांनी कुणालाही न विचारता लिहून दिलं, "तांब्या माझा, मीच न बघता प्यालो, मॅडमची चूक नाही." तिकडे मॅडमनी आधीच लिहून दिलं होतं, "चूक पूर्णपणे माझी आहे." दोन्ही कागद समोरासमोर आले तेव्हा चौकशीच्या साहेबांनाही काय लिहावं कळेना, असं मामा सांगत होते. तरी एप्रिलात मॅडमची नेमणूक संपली ती पुन्हा झाली नाही.

जायच्या दिवशी त्या प्रयोगशाळेत आल्या. मामा म्हणाले, "लेकीवानी हायसा. कवा जतकडं आलासा तर घरी या. बनुच्या हातचा चहा प्या."

"चहा तुम्ही आधी घ्यायचा, मामा. मग मी," मॅडम म्हणाल्या. दोघं हसायला गेले आणि दोघांनाही ते जमलं नाही.

आता मामाही रिटायर झालेत. मंगल सांगलीला नर्सिंगला आहे. माझं बूच कडक होऊन चिरलंय, नळीत धूळ बसलीय. नवी पोरं मला विषाची नळी म्हणतात आणि कपाटाजवळ येत नाहीत. निकामी वस्तूंच्या यादीत माझं नाव चढलंय; पुढच्या आठवड्यात सही झाली की पोत्यात जाईन. त्याचं मला फारसं वाटत नाही. काच भट्टीत गेली की पुन्हा काच होते.

भीती वाटते ती एवढीच, की कुठल्यातरी दुसऱ्या शाळेत, दुसऱ्या खिडकीत, एखादी फांदी आत्ता, या क्षणी, कुणाच्यातरी प्यायच्या भांड्यात उभी असेल. पाणी नितळ असेल. शेजारी माझ्यासारखंच कुणीतरी काचेचं असेल, ज्याला सगळं दिसतंय आणि ज्याला तोंड नाही.

तुम्हाला तोंड आहे. परीक्षा चालू असली, मोठी माणसं बघत असली, तरी उभे राहा आणि बोला.