हाराचा दोरा

"सोडा, टिकेशबाबू, बटन सोडा. अडली ते," दुधराम म्हणाला आणि पूजेची थाळी त्याने तशीच तांदळाच्या पोत्यावर ठेवली.

टिकेशने बोट काढले. लाल गाडीच्या पाठीवरची काळी पट्टी उजवीकडून खाली बसली होती आणि डावीकडून वरच राहिली होती. दोन मिनिटांपूर्वी दुधरामने तिला घातलेला झेंडूचा हार अर्धा बाहेर लोंबत होता आणि अर्धा गाडीच्या पोटात गेला होता.

दसऱ्याचा दिवस होता. आमगावच्या बिसनलाल पटल्यांच्या राइस मिलमध्ये यंत्रांची पूजा दुधरामच करी. एकतीस वर्षे तो तिथे फिटर होता. हलर, पॉलिशर, इलेव्हेटर, सेठजींची जीप, असे करत करत यंदा पाळी आली सेठजींच्या मुलाच्या, टिकेशच्या गाडीची. गाडी जर्मन, दोनच माणसांची, मुंबईहून सेकंडहँड आणलेली. ताशी एकशेवीसचा वेग घेतला की मागची पट्टी आपोआप उठते आणि गाडीला रस्त्यावर दाबून धरते, असे टिकेश सांगे. आमगाव-गोंदिया रस्त्यावर एकशेवीसने जायचे तर आधी म्हशींची परवानगी काढावी लागली असती. म्हणून टिकेश ती बटणानेच वर-खाली करून दाखवी. मिलमधले हमाल तिला शेपूट म्हणत.

मिलमध्ये हार ओवायला पोती शिवायचा नायलॉनचा दोरा घेत. ही पद्धत दुधरामनेच पाडलेली. साधा दोरा महिन्यात तुटतो, हा वर्षभर टिकतो; सुकलेला हार पुढच्या दसऱ्यापर्यंत इलेव्हेटरवर लटकत राहतो. त्याला त्याचे कौतुक होते. साधा दोरा असता तर तो त्या दिवशी तुटला असता आणि गोष्ट तिथेच मिटली असती.

बिसनलालजी आले, त्यांनी तिरपी पट्टी पाहिली. "जाऊ दे, दुधराम. पूजेत झालं ना? तुले कोन काई बोलून राहिला?"

कोणी काही बोलत नव्हते हेच दुधरामला लागले. महिनाअखेरीला तो कामावरून निवृत्त होणार होता. नवी यंत्रे आल्यापासून ती पाहायला कंपनीची पोरे लॅपटॉप घेऊन येत. पूजा तेवढी त्याच्याकडे उरली होती, आणि त्यात हे झाले.

त्याच्या घरी फळीवर डालड्याचा एक जुना डबा होता. मिलमध्ये काही मोडले की मोडका तुकडा तो खिशात घालून घरी आणी. बायको, देवकाबाई, डब्याचे झाकण उघडून विचारी, "हे कोनाचं?" आणि तो नाव सांगे. हे बेअरिंग बकारामचं, ग्रीस भराले विसरला. हा बोल्ट सेठजीचा, ओलाच धान चालवा म्हनाले. एकतीस वर्षांत त्या डब्यात एकही तुकडा दुधरामचा पडला नव्हता. चारचौघांत तो ही बढाई मारत नसे, पण देवकाबाईला ती तोंडपाठ होती.

नागपूरच्या शोरूमने सांगितले की आतला सगळा सांगाडाच बदलावा लागेल आणि तो बाहेर देशातून दिवाळीनंतर येईल. टिकेश तिरप्या शेपटाची गाडी घेऊन गावभर फिरला. ज्याने त्याने विचारले, आणि ज्याला त्याला त्याने हाराची हकीकत सांगितली. चौथ्या दिवशी दुधराम त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"मले पाहू द्या."

"काका, ये राइस मिल नहीं है," टिकेश हसला. "पूरी गाडी कंप्यूटर पे चलती है."

"कंप्यूटरले हार घातला नोयता मी. जिथं घातला तेवढंच पायतो."

टिकेशला नाही म्हणवले नाही. त्याने फोनवर एक व्हिडिओ लावून दिला. कुठल्याशा परदेशातला एक टक्कल पडलेला माणूस आपल्या घराच्या शेडमध्ये हीच पट्टी स्वतः खोलत होता. दुधरामला त्याचे बोलणे कळत नव्हते, पण तो माणूस स्क्रू काढून ओळीने मांडून ठेवतो हे त्याला आवडले. त्या माणसाने झाकण उचलून आतली तार दाखवली आणि नेमका तिथेच नेटवर्क गेले. चकती गोल गोल फिरत राहिली.

"थांबा, येते आत्ता," टिकेश म्हणाला.

"राहू द्या. समजलं."

दुसऱ्या दिवशी रविवार, मिल बंद होती. दुधरामने गाडी शेडमध्ये घ्यायला लावली. चांदणीच्या आकाराचे स्क्रू होते, तसा पाना त्याच्याकडे नव्हता. त्याने जुनी ॲलन की घासून तो बनवला. झाकण निघाले. मधे मोटार, तिच्यातून डावी-उजवीकडे जाणाऱ्या दोन लवचिक तारा, आणि तारांच्या टोकाला पट्टी उचलणारे दोन हात. स्कूटरच्या स्पीडोमीटरला असते तशीच तार. एवढे मोठे नाव आणि आत स्कूटरची तार, याचे त्याला बरे वाटले.

मग त्याला दोरा दिसला. डाव्या हाताच्या खिळीवर तो करकचून गुंडाळला गेला होता आणि त्यात झेंडूच्या दोन पाकळ्या होत्या. टिकेश उगाच म्हणत असेल, बिघाड आधीचाच असेल, अशी थोडी आशा चार दिवस दुधरामने मनात धरली होती. ती गेली. पोती शिवायच्या दाभणाने त्याने दोरा वेढा वेढा करत उकलला आणि पूर्ण निघाल्यावर बाजूला ठेवला.

तरी डावी तार फिरेना. तिचे टोक पिळले गेले होते. ते टोक ज्यात बसते ती नायलॉनची वाटी त्याने काढली आणि उजेडात धरली. वाटीचे भोक चौकोनी असायला हवे होते. ते पार गोल झाले होते.

दुधरामने वाटी बोटांत फिरवून पाहिली. एकदोनदा बटण दाबल्याने चौकोन गोल होत नाही. दोऱ्याने पट्टी अडवली होती खरी, पण त्यानंतर तिला तशीच राहू दिली असती तर दाभणाने दोरा काढून काम संपले असते. कोणीतरी नंतर घरी नेऊन बटण दाबत राहिले होते. चार दिवस, पुन्हा पुन्हा.

टिकेश बाजूच्या पोत्यावर बसला होता. दुधरामने वाटी तळहातावर ठेवून त्याच्यापुढे धरली.

"भोक गोल झालं."

टिकेशने वाटीकडे पाहिले, मग फोनकडे. "हार की वजह से?"

दुधरामने मूठ मिटली आणि वाटी खिशात घातली. दोन वर्षांच्या टिकेशला त्याने धानाच्या ढिगावर खेळवला होता. "पितळेची करतो," तो म्हणाला.

एका झिजलेल्या बुशमधून त्याने वाटी कापली, भोक पाडले आणि बारीक कानशीने चौकोनी करत नेले. दोन दिवस गेले. मोपेडची तार मापात तोडून बसवली. आधी बोटांनी फिरवून पाहिली. दोन्ही हात सारखे उठत होते.

"दाबा. एकच खेप. अडली तं लगेच सोडा," त्याने टिकेशला सांगितले.

पट्टी सरळ वर आली आणि सरळ खाली बसली. बिसनलालजी तोवर येऊन उभे राहिले होते.

"काय निघालं रे आतून, दुधराम?"

दुधरामने दोरा पुढे केला. "हा. माह्या हाराचा होय, सेठजी."

टिकेशने पट्टी आणखी एकदा वर-खाली केली. वाटी दुधरामच्या खिशातच राहिली.

एकतीस तारखेला निरोप झाला. शाल, नारळ, भिंतीवरचे घड्याळ. दोन शब्द बोलायला टिकेश उठला आणि त्याने तीच हकीकत सांगितली. "आपल्या काकानं गाडीच्या शेपटाले हार घातला, तं शेपूट लाजून आत जाईच ना. लेकिन ठीक भी काका ने ही किया." सगळे पोट धरून हसले. सांगताना त्याने दुधरामकडे पाहिले नाही. दुधरामला वाईट वाटले. आता ही गोष्ट अशीच सांगितली जाणार, लग्नात, पंगतीत, तो गेल्यावरही. तो सगळ्यांबरोबर हसला आणि शाल सावरून खाली बसला.

घरी आल्यावर त्याने खिशातून वाटी काढली. दोरा तिच्याभोवती गुंडाळून ठेवला होता. देवकाबाईने डबा फळीवरून उतरवला, झाकण उघडले.

"हे कोनाचं?"

"दोघाचं."

"कोना दोघाचं?"

"एक मी," दुधराम म्हणाला.

देवकाबाईने त्याच्याकडे पाहिले. दुसऱ्याचे नाव तिने विचारले नाही. डबा काठोकाठ भरला होता, झाकण बसेना. तिने ते दोन्ही हातांनी दाबून बसवले आणि डबा पुन्हा फळीवर ठेवला.