ओरडण्याचा तास

"ओरडा!" बाई म्हणाल्या.

पहिलीचा अख्खा वर्ग हाताची घडी घालून, तोंडावर बोट ठेवून त्यांच्याकडे बघत राहिला.

"अरे, ओरडा म्हणतेय ना मी! आधी ती बोटं काढा तोंडावरची."

बोटं निघाली. ओरडलं कुणीच नाही. पहिल्या बाकावरून एक हात वर आला. या मुलाला दर वाक्यागणिक काहीतरी विचारायचं असे, म्हणून बाई त्याला शंकेखोर म्हणत.

"बाई, मोठ्याने ओरडायचं की मनात?"

"मनात कसं ओरडतात रे?"

"मनात वाचतो ना आपण, तसं."

"मोठ्याने. घसा फाटेपर्यंत."

"बाई, समास सोडायचा का?" मागून एका मुलीने विचारलं. तिने तोवर वही उघडून ठेवली होती.

बाईंनी कपाळाला हात लावला. इतकी वर्षं त्यांनी पहिलीचाच वर्ग घेतला होता आणि शाळेत शिरलेल्या पोराला त्या सगळ्यात आधी शिकवत ते हेच. 'अ'च्याही आधी. हाताची घडी, तोंडावर बोट. हे त्या इतकं चोख शिकवत की त्यांचं नावच घडीच्या बाई पडलं होतं. त्यांच्या हाताखालून गेलेल्यांची मुलं आता त्यांच्या वर्गात येत. बाजारात कुणी मिशीवाला गृहस्थ भेटला की तो आधी सरळ उभा राही आणि मगच "ओळखलंत का बाई?" म्हणे. बाईंना याचा अभिमान होता. मागच्या महिन्यापर्यंत तरी होता.

मागच्या महिन्यात वर्गातला एक मुलगा मधल्या सुट्टीत स्वच्छतागृहात गेला आणि आतून कडी अडकली. हजेरी सकाळीच झालेली, त्यामुळे तो कमी आहे हे बाईंच्या ध्यानात आलं नाही. शाळा सुटल्यावर झाडलोट करणाऱ्या मावशींना तो सापडला. ओल्या फरशीवर भिंतीला टेकून बसला होता, चड्डी ओली, डोळे कोरडे.

"हाक का नाही मारलीस रे राजा?" बाईंनी विचारलं.

"बाई, तास चालू होता ना."

मुलाच्या आईवडिलांनी तक्रार केली नाही. उलट "आमचा तसा शांत आहे" म्हणून हसले. बाईंना मात्र त्या रात्री झोप लागली नाही. तिथे कडीऐवजी आग असती तर? हा विचार त्यांनी शंभर वेळा झटकला आणि तो शंभर वेळा परत आला. म्हणून शाळेत सुरक्षेचा आठवडा करायचं फर्मान वरून सुटलं, तेव्हा बाकीच्या शिक्षिकांनी नाकं मुरडली आणि घडीच्या बाईंनी मात्र हे काम अंगावर घेतलं. पोरांना दुसरं काही आलं नाही तरी चालेल, पण लागलं, अडकलं, आग दिसली, तर ओरडता आलं पाहिजे. एवढं एकच त्यांना हवं होतं.

"आपण एक वाक्य ठरवू," त्या म्हणाल्या. "काही झालं की म्हणायचं, 'बाई, इकडे या!' चला, सगळे."

सगळ्यांना मिळून म्हणायला सांगितल्यावर मुलं खुलली. पाढे म्हणायची सवय होतीच. "बाऽऽई, इकऽऽडे याऽऽ!" वर्ग डुलत डुलत म्हणाला. पुन्हा म्हणाला. चौथ्या वेळी तर बेच्या पाढ्याची चाल इतकी पक्की बसली की आगसुद्धा थांबून ऐकत राहिली असती.

"आता एकटं कोण म्हणेल?"

पुन्हा सगळं चिडीचूप. बाईंनी पहिल्या बाकावरच्या मुंगीला उभं केलं. ती लहानखुरी होती आणि रांगेत चालताना तिचं पाऊल तसूभरही इकडेतिकडे पडत नसे, म्हणून ती मुंगी. तिने ओठ हलवले.

"ऐकू नाही आलं."

मुंगीने पुन्हा ओठ हलवले. तिचे कान लाल झाले होते.

"बस," बाई म्हणाल्या. आणि सवयीने पुढे म्हणाल्या, "शाबास."

नंतर स्वतःच्याच 'शाबास'चा त्यांना भयंकर राग आला.

शेजारच्या वर्गात चाचणी चालू होती. त्या वर्गाच्या बाईंनी तक्रार केली आणि दुपारी मोठ्या बाईंचं बोलावणं आलं. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. वयाने घडीच्या बाईंपेक्षा बऱ्याच लहान, पण खुर्ची मोठी.

"अहो बाई, शुक्रवारी अग्निशमन दलाचे साहेब येणार आहेत. प्रात्यक्षिक बघणार. घंटा झाली की मुलं रांगेत, शांतपणे मैदानात आली पाहिजेत. तुम्ही ओरडायला काय शिकवताय?"

"घंटा वाजवायला कुणी मोठं माणूस जवळ असेल तर घंटा वाजेल. नसेल तर?"

"नसेल तर काय? पोरं किंचाळत सुटली की धक्काबुक्की होते. जिन्यावर एक पडला की दहा पडतात. साहेबांनीच लिहून पाठवलंय, गोंधळ नको."

हेही खरं होतं. वैताग होता तो त्याचाच. मोठ्या बाई मूर्ख असत्या तर भांडता आलं असतं.

"मग दोन्ही शिकवू," घडीच्या बाई म्हणाल्या. "रांगेत गप्प, पण लागलं तर ओरड."

"सहा वर्षांच्या पोरांना? तुमच्या वर्गाची शिस्त सगळ्यात छान, ती कशाला बिघडवता? शुक्रवार होऊ दे. मग ओरडा काय ओरडायचं ते."

शुक्रवार झाल्यावर कुणी ढुंकूनही विचारणार नाही हे दोघींनाही ठाऊक होतं. बाई मुकाट्याने बाहेर आल्या. मुकाट्याने का आलो, म्हणून वाटभर स्वतःवर धुसफुसत राहिल्या.

घरी आल्यावर त्यांनी स्वयंपाकघराचं दार लोटलं आणि भांड्यांकडे तोंड करून हळूच म्हणून बघितलं, "इकडे या." मग जरा मोठ्याने. मग जीव खाऊन. तिन्ही वेळा आवाज निघाला तो 'खाली बसा' म्हणतानाचा. यजमान अर्धी दाढी केलेले, गालाला साबण, तसेच धावत आले.

"काय झालं? भाजलं?"

"काही नाही हो. ओरडता येतं का बघत होते."

"तीस वर्षं या घरात काढलीस आणि आता शंका आली?" ते म्हणाले आणि साबण पुसत परत गेले. एरवी बाई हसल्या असत्या.

शुक्रवारी घंटा झाली. पहिलीचा वर्ग उठला, दप्तरं जागेवर सोडून रांगेत लागला, तोंडावर बोट. बाई पुढे होत्या. मागच्या बाकापासून रांग लावायची असं ठरल्यामुळे मुंगी शेवटून दुसरी आली होती आणि अगदी शेवटी शंकेखोर. वर्ग रिकामा झाला की दार लावून घ्यायचं, म्हणजे धूर पसरत नाही, ही जबाबदारी शेवटच्याची. सकाळपासून त्याला ती कधी एकदा पार पाडतो असं झालं होतं.

रांग व्हरांड्यातून मैदानात आली. ना आवाज, ना ढकलाढकली. साहेबांनी घड्याळ बघितलं, मोठ्या बाईंकडे बघून मान डोलावली आणि माईक हातात घेतला.

"मी पुष्कळ शाळा बघितल्या," साहेब म्हणाले, "पण इतक्या लहान मुलांमध्ये अशी शिस्त बघितली नाही."

मोठ्या बाईंचा चेहरा उजळला. घडीच्या बाईंनाही, नको नको म्हणता, जरा बरं वाटलं. इतक्यात त्यांना रांगेच्या टोकाला शंकेखोराचा हात वर गेलेला दिसला. याला आत्ता, पाहुणे बोलत असताना, काय विचारायचंय! बाईंनी डोळे मोठे केले आणि बोटानेच 'खाली घे' अशी खूण केली. हात खाली गेला.

साहेब बादलीतल्या वाळूबद्दल बोलले. मग विजेच्या बटणांबद्दल बोलले. हात पुन्हा वर आला. बाईंची तळपायाची आग मस्तकात गेली. दटावायलाच म्हणून त्या रांगेच्या कडेने टोकापर्यंत गेल्या.

मुंगी सरळ उभी होती. उजव्या हाताचं बोट ओठांवर, नीट, जिथं असायला हवं तिथं. डावा हात फ्रॉकच्या घोळात गुंडाळलेला आणि तो घोळ लालभडक झालेला. पायाशी मातीतही थेंब पडले होते.

"बाई," शंकेखोर कुजबुजला, "दार नीट लागत नव्हतं. तिचं बोट होतं मध्ये. मग तिने काढलं, मग लागलं."

"सांगितलं का नाहीस?"

"रांगेत बोलायचं नव्हतं ना. मी हात वर केला होता."

बाईंनी मुंगीला उचललं. "इकडे या!" त्या ओरडल्या. "अहो, कुणीतरी इकडे या!"

घरी न निघालेला आवाज आता निघाला. अख्खी शाळा वळली, आणि कुणीही हललं नाही. साहेबांना हाही प्रात्यक्षिकाचाच भाग वाटला. ते कौतुकाने हसले आणि त्यांनी माईक काखेत धरून टाळ्या वाजवल्या. मग मुलांनीही वाजवल्या. शिपायाला रक्त दिसलं म्हणून तो तेवढा टेबलावरचं पांढरं कापड ओढून धावत आला. टेबलावरचा पाण्याचा तांब्या खाली पडला, तेव्हा कुठे टाळ्या थांबल्या.

शाळेच्या समोरच दवाखाना होता. नख गेलं होतं, दोन टाके पडले. इंजेक्शनची सुई शिरली तेव्हा मुंगीने डोळे घट्ट मिटले, बस्स.

"किती शहाणी गं!" नर्स म्हणाली. "मोठी माणसं छत डोक्यावर घेतात इथे."

"शहाणी-बिहाणी म्हणू नका हो तिला," बाई खेकसल्या. नर्सने दचकून त्यांच्याकडे बघितलं आणि ती ट्रे घेऊन बाहेर गेली.

बाई खाटेच्या कडेला बसल्या. "दुखतंय ना?"

मुंगीने मान हलवली.

"मग रड की. रडलं तर चालतं."

मुंगी त्यांच्याकडे बघत राहिली. फळ्यावर अवघड गणित घातलं की उत्तर चुकू नये म्हणून वर्गात ती अशीच गप्प राही. बाईंना वाटलं, हिला गदागदा हलवावं, आणि मग वाटलं, आपल्यालाच कुणीतरी हलवावं. त्या हात वर गेलेल्या पोराला आपण डोळे दाखवले, हे काही केल्या मनातून जाईना. तो निदान हात तरी वर करतो. हिला तेवढंही सुचलं नाही.

तेवढ्यात मुंगीची आई कामावरून तशीच धावत आली. खाटेभोवतीचा पडदा सारून आत शिरली आणि तिला बघताच मुंगीची हनुवटी थरथरायला लागली. ओठ वाकडे झाले. आता, बाईंना वाटलं, आता एकदाचं होऊ दे.

आईने तिला पोटाशी धरलं. "शू... शू... रडायचं नाही हं. बघ कोण आहे इथे. बाई काय म्हणतील?"

मुंगीचे ओठ मिटले.

"बाई काही म्हणत नाहीत," बाई म्हणाल्या. त्यांना हे मायेने म्हणायचं होतं. आवाज वर्गातलाच निघाला. ऐकताच आईने पाठ ताठ केली आणि ओढणी सावरली. कधीकाळी तीही त्यांच्याच वर्गात होती. कुठल्या बाकावर, ते बाईंना आठवेना.

"सॉरी बाई," ती म्हणाली. "घरी नाही हो रडत ही कधी. फार गुणी आहे."

बाईंना पुष्कळ बोलायचं होतं. पण काहीही बोलल्या असत्या तरी समोरच्या दोघींनी ते गुपचूप ऐकूनच घेतलं असतं. त्यांनी पर्स उचलली, मुंगीच्या पायावर एकदा हात ठेवला आणि बाहेर येऊन पडदा कडेपर्यंत ओढून घेतला.

बाहेर बाकडं होतं, त्यावर बसल्या.  आतून एक बारीक हुंदका आला. मग आणखी एक. आणि मग मुंगीने असा काही टाहो फोडला, की औषधाच्या खिडकीपाशी उभी असलेली माणसं मागे वळून बघायला लागली.

"अरे देवा, आत्तापर्यंत तर बरी होती!" असं म्हणत नर्स पडद्याकडे निघाली.

बाईंनी तिचं मनगट धरलं. "नका जाऊ," त्या हळूच म्हणाल्या. "मी इथे आहे हेही तिला सांगू नका."