चावडीच्या तळाला

चूक माझीच होती, उगाच दुसऱ्यावर कशाला ढकलू? दोन हजार नऊ साली कुकटपल्लीतल्या आमच्या छोट्या कंपनीने ‘चावडी’ नावाची साइट काढली. माणसं इंटरनेटवर चार ठिकाणी जे लिहायची, फोटो टाकायची, ते चावडीवर एका पानात गोळा व्हायचं; थेट चावडीवरही लिहिता यायचं. पसारा फार झाला तेव्हा मी नियम लिहिला: ज्याला ‘आवडलं’ जास्त ते वर, ज्याला कुणी विचारत नाही ते तळाला. आमचा पुणेकर साहेब पुष्कर, त्याने पाठ थोपटली. मीही फुशारले.

माझ्या वडिलांना, आबांना, चावडीची सवय मीच लावली. त्यांना आणि त्यांच्या दोस्ताला, हिम्मतरावकाकांना. दोघं एकाच कारखान्यात लेथवर होते. नव्वदनंतर बाहेरचा स्वस्त माल आला, कारखाना बसला, दोघं एकाच दिवशी घरी आले. आबा आणि मी जामबागेत राहायचो, काका त्याच शहरात मलकपेठेत. सकाळी चहाबरोबर चावडी, हा दोघांचा नेम.

मार्चमध्ये कुसुमकाकू गेल्या. काकांनी सकाळीच चावडीवर लिहिलं, ‘कुसुम गेली. चार वाजता नेणार.’ पुष्कळांनी वाचलं. पण मयताच्या बातमीखाली ‘आवडलं’ कोण दाबणार? आपल्यात असं करतात का? लोक चपला घालून मलकपेठेला गेले. पानावर मात्र एकही खूण नाही. माझ्या नियमाने बातमी तळाला लोटली आणि वर ठेवला कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक. आबांनी केक पाहिला, ‘आवडलं’ दाबलं, चहा प्यायले. ते ‘आवडलं’ काकांना दिसलं.

आबांना कळलं तेराव्यानंतर, भाजी घेताना कुणीतरी सांगितलं; काका चिडलेत, हेही. घरी आले ते पिशवी न ठेवताच माझ्यापुढे उभे राहिले.

“माधवी, तुझ्या त्या डब्याने माझा दोस्त घालवला गं.”

मी तडक पुष्करसमोर उभी राहिले. “काय वर दिसावं हे ठरवणारे आपण कोण? ज्याचं पान त्याने ठरवावं!”

“लोकांना एवढी उठाठेव नको असते,” तो म्हणाला.

भांड भांड भांडले. राजीनामासुद्धा लिहून आपटला टेबलावर. महिन्याभराने पुष्कर नमला, बटणं आली: हा माणूस कायम वर, हा कधीच नको, बाकीचं तारखेप्रमाणे.

आबांनी काकांना ‘कायम वर’ केलं आणि माफीचं पत्र चावडीवरच लिहिलं. दिवस गेला, आठवडा गेला. काका रोज इतरांशी बोलत होते, आबांना उत्तर नाही. आबांचं जेवणावरचं लक्ष उडालं. मला राहवेना. बघायला नको होती, तरी ऑफिसात नोंद बघितली. काकांनी बटण दाबून ठेवलं होतं: आबासाहेब, कधीच नको.

पुष्कर मागेच उभा होता. “एक ओळ बदल की. त्यांना कळणारही नाही.”

अगं आई गं, किती सोपं होतं! पण मग महिनाभर मी घसा कशासाठी कोरडा केला होता? मी कॉम्प्युटर बंद केला.

रविवारी आबांना स्कूटरवर बसवलं. “लिहून नाही भागायचं, आबा. चला.”

काकांनी दार उघडलं, पण दारातून हलले नाहीत.

“तुला बंद केलाय मी, आबा.”

“हौ. तिथं केलास, म्हणून इथं आलो.”

“केक आवडला म्हणे तुला.”

आबांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. “वहिनी गेल्याचं मला दिसलंच नाही रे, हिम्मत.”

“काका, नियम मी लिहिला होता,” मी म्हणाले. “आबांचा दोष नाही.”

काकांनी दाराची कडी धरली. मला वाटलं, आता दार लावणार. पण ते बाजूला झाले.

“चहा नाही मिळायचा. मला कुठं येतो? ती करायची.”

“मी करतो,” म्हणत आबा सरळ स्वयंपाकघरात गेले. साखरेचा डबा कुठे असतो, हे त्यांना विचारावं लागलं नाही.

काकांनी ते बटण पुढे बदललं की नाही, मला ठाऊक नाही. मी पुन्हा बघितलं नाही.