पुसलेली मुलाखत

मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे, आणि मित्रांनो, आधीच सांगतो, मी वैतागलेला आहे. कारखान्यातून निघालो तेव्हा वाटलं होतं, आयुष्यभर गाणी वाजवीन. पडलो बाईंच्या पिशवीत. बाई वर्तमानपत्रात संगीतावर लिहीत. एखाद्या गायकाचं कौतुक लिहिलं नाही, की तो त्यांच्याशी बोलेनासा होई. लिहिलं, की बाकीचे सगळे.

संपादकसाहेबांची तऱ्हा वेगळीच. ते म्हणत, "बाई, गाण्यावरचं एवढं वाचतंय कोण? त्या प्रसिद्ध गायिकेनं नवं घर घेतलंय म्हणे. त्यावर द्या काहीतरी."

"साहेब, ती गळ्यानं गाते, घरानं नाही," बाई म्हणत. पण भिंतीवर डोकं आपटून भिंत थोडीच फुटते?

एकदा बाई मला एका म्हाताऱ्या व्हायोलिनवाल्या काकांकडे घेऊन गेल्या. त्या गायिकेचं एक गाणं गावभर गाजलं होतं. त्याच्या सुरुवातीची धून काकांची होती. ध्वनिमुद्रणाच्या दिवशी गायिकेला यायला उशीर झाला, तेव्हा बसल्या बसल्या त्यांनी ती रचली होती. तबकडीवर मात्र त्यांचं नाव नव्हतं.

"कुणी विचारलंच नाही," काका म्हणाले. "मग काय, दारोदार सांगत फिरू?"

आणि त्यांनी ती धून पहिल्यांदा सुचली तशी, संथ वाजवली. चहा घेऊन आलेली त्यांची लेक दारातच थबकली. "बाबा, हे तुम्ही केलंय?" तिलाही ठाऊक नव्हतं!

बाईंनी भरभरून लिहिलं. छापून काय आलं? गायिकेचा हा एवढा मोठा फोटो आणि खाली चार ओळी. काकांचं नाव जागेअभावी गळलं.

निदान माझ्यात भरलेली त्या मुलाखतीची कॅसेट तरी होती. तिच्या मागच्या कडेची प्लास्टिकची पट्टी मोडली, की तिच्यावर दुसरं काही भरता येत नाही. बाईंनी ती आठवणीनं मोडली होती. पण बाई रजेवर गेल्या आणि साहेबांच्या मेव्हण्यानं पंख्यांचं दुकान काढलं. उद्घाटनाचं भाषण टिपायला कोरी कॅसेट सापडेना. साहेबांनी मोडलेल्या पट्टीच्या खाचेवर चिकटपट्टी लावून तीच कॅसेट पुन्हा भरण्याजोगी केली आणि माझं बटण दाबलं. मी खूप खरखरलो. कोण ऐकतो!

काही महिन्यांनी काका गेले. लेक कचेरीत आली. "बाई, बाबांचा आवाज ऐकायचाय."

बाईंनी मला सुरू केलं. "आमच्या येथे सर्व प्रकारचे पंखे..." बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. संपादकसाहेब खिडकीबाहेर बघू लागले.

"राहू दे, बंद नका करू," लेक म्हणाली. "भाषण कधीतरी संपेलच ना?"

संपलं. टाळ्या झाल्या. मग खरखर, आणि काकांचा खोकला. "पुन्हा वाजवू का?"

"नको, दमलात तुम्ही," बाईंचा आवाज. "पुढच्या वेळी."

फीत संपली. लेकीनं ती मागे फिरवली आणि पुन्हा ऐकली. भाषणासकट.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसली नाहीत तरी चालेल. पण एखादं गाणं आवडलं, तर ते कुणी रचलं, कुणी वाजवलं, हे विचारत जा. माणूस समोर आहे तोवर विचारा, आणि तो "पुन्हा वाजवू का?" म्हणाला, तर हो म्हणा.