मनकर्णाची पंगत

१९६७ साल, दिवाळी नुकतीच सरलेली. पारशिवनीजवळच्या खेड्यातली सतरा वर्षांची मनकर्णा पत्र्याची पेटी घेऊन नागपुरात, गांधीबागेमागच्या एका निवासी विद्यालयात दाखल झाली. खेड्यापाड्यांतल्या मुलींना तिथं पुढारीपण शिकवीत. सभा कशी चालवायची, अर्ज कसा लिहायचा, आणि मुख्य म्हणजे हुकूम कसा सोडायचा. पहिल्या महिन्यात जिला जमलं नाही, ती घरी परत. मनकर्णा परत आली की रामटेकचं स्थळ पक्कं करायचं, हे तिच्या बापूजींनी बसमध्ये बसवतानाच सांगितलं होतं.

रोज एक मुलगी नायिका व्हायची. नायिकेनं काम करायचं नाही, करवून घ्यायचं. मनकर्णाची पाळी आली त्या दिवशी तिनं पहाटेच अंगण झाडलं, टाकं भरलं, अंथरुणांच्या घड्या घातल्या. ज्यांवर मुली अजून झोपल्या होत्या, तेवढीच अंथरुणं राहिली.

“आता आम्ही काय करू वं?” कामठीची वच्छला डोळे चोळत म्हणाली. “तू नायिका हायेस का मोलकरीण?”

“तुम्ही झोपून राहिल्या होत्या. काहून उठवू?”

अधीक्षिका यमुताईंनी वहीत लाल रेघ ओढली. “दुपारच्या पंगतीत सुधारणा दिसली नाही, तर उद्याची बस.”

पंगतीत पहिला घास नायिकेचा, मग इतरांचा, असा नियम. त्या दिवशी विद्यालय चालवणाऱ्या मंडळाचे गोपाळराव तपासणीला आलेले पाहुणे होते. मनकर्णानं सगळ्यांना स्वतःच वाढलं आणि भिंतीला टेकून उभी राहिली. जन्मात ती कुणाच्या आधी जेवली नव्हती.

“जेवा नं,” ती म्हणाली.

“तू जेव नं आधी!”

“मी मागून जेवीन.”

“मंग आम्ही काय उद्या जेवू?” वच्छला म्हणाली.

भातावरचं तूप थिजलं. गोपाळरावांनी दोनदा खाकरून पाहिलं, मग हळूच लोणच्याला बोट लावलं. यमुताईंनी चष्म्यावरून पाहताच बोट मागे आलं.

“मनकर्णा, बसतेस की पेटी भरतेस?”

ती बसली. घास तोंडाशी नेला, तेवढ्यात चुलीपाशी राख सारणारी स्वयंपाकीण भीमाबाई दिसली. घास ताटात परत.

“भीमाबाई, तुम्ही जेवल्या?”

“मी मागूनच जेवते पोरी. अकरा वर्षं झाली.”

“या इकडं!” शेतातली पाखरं हाकलायचा आवाज होता तो. “वच्छला, सरक! गोपिका, ताट आण! अन् गोपाळराव, तुम्ही बसून काहून राहिले? भात वाढा त्याइले!”

भूक माणसाला फार आज्ञाधारक करते. गोपाळराव धोतर सावरत उठले आणि भीमाबाईंच्या ताटात त्यांनी भाताचा डोंगर केला. भीमाबाईंनी लाजत घास घेतला, मग मनकर्णानं, आणि तीस मुली ताटांवर तुटून पडल्या.

यमुताईंनी लाल रेघ ओढायला वही उघडली. नियम तर मोडला होता. पण नायिकेनं काम करवून घेतलं होतं, तेही पाहुण्याकडून.

“राहा,” त्या म्हणाल्या, आणि त्यांनी वही मिटली.

रामटेकच्या मुलानं पुढं मनकर्णाच्या चुलत बहिणीशी लग्न केलं. संसार चांगला झाला. वच्छला कामठीत मुख्याध्यापिका झाली. गोपाळराव त्यानंतर नेहमी घरून जेवूनच तपासणीला येत. यमुताई निवृत्त होऊन अकोल्याला भावाकडे गेल्या. भीमाबाई आणखी नऊ वर्षांनी लेकाकडे. मनकर्णा पंचायत समितीवर दोनदा निवडून आली. तिसऱ्यांदा सोळा मतांनी पडली. तिनं फेरमोजणी करायला लावली, आणि एकवीस मतांनी पडली.